मिठाची कणीक

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत लेकरू नीट बसायला लागले की त्याच्या हातात परातीतून तोडलेली कणकेची एक गोळी पडते. पोळ्या होईपर्यंत त्याने चुलीकडे किंवा गॅसकडे धाव घेऊ नये, एवढाच त्यामागचा रोकडा हेतू असतो. त्या गोळीची चिमणी होते, चिमणीला मोहरीचे डोळे लागतात, शेवटची पोळी उतरली की ती तव्याच्या कडेला भाजली जाते आणि ज्याने ती घडवली तेच लेकरू ती खाऊन टाकते. आषाढातल्या दिव्यांच्या अमावास्येला गूळ घातलेल्या कणकेचे दिवे वळून उकडायचे आणि तुपाबरोबर खायचे, ही तर मोठ्यांचीच रीत आहे. तेव्हा कणकेला आकार देणे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. नवी आहे ती न खाण्यासाठी मळलेली कणीक. तिच्यात वाटीभर मीठ पडते आणि तेवढ्यात समोरच्या परातीतले अन्न अन्न राहत नाही.

हा बदल साधा नाही, आणि आमच्या घरी तो कोणी साधा मानलाही नाही. मुलांसाठी खेळायची कणीक करायला मी प्रथम पीठ काढले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लेकरांच्या खेळण्यापायी चांगलं पीठ कामून नासायलीस?" त्या परभणी जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात वाढल्या. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या घरची माणसे दगड फोडायच्या कामावर होती. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी त्यांनी खाल्लेली आहे. त्या लाल ज्वारीच्या भाकरीबद्दल त्या फारसे बोलत नाहीत, पण डब्यातले पीठ काढताना डबा शेवटी आपटून झटकून घेतात, तो हात त्या काळाने घडवलेला आहे. अशा माणसाने पीठ खेळायला देण्यास हरकत घेतली तर तिला जुन्या विचारांची म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. हरकत खरी आहे. ज्या प्रदेशात पाऊस दर दोन-चार वर्षांनी दगा देतो, तिथे मुलाच्या मनात पिठाची किंमत कमी होईल असा कोणताही खेळ, तो कितीही शैक्षणिक असो, घरात येऊ नये असे मलाही वाटते.

मार्ग त्यांनीच काढला. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापता थापता मोडते, कडांना चिरा पडतात, आणि ते पीठ एरवी गुरांच्या आंबोणात जाते. पावसाळ्याच्या तोंडाला मैद्याच्या पुडीत जाळी धरते. दिवाळीच्या फराळानंतर उरलेला मैदा तर कित्येक घरांत पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच पडून असतो. असे पीठ चाळून वेगळ्या डब्यात ठेवायचे आणि खेळासाठी तेच घ्यायचे, असा नियम झाला. मुलांना तो सांगावा लागला नाही. पीठ कोणत्या डब्यातून निघते आणि का निघते, हे त्यांना समोर दिसत होते. चांगले पीठ आणि विरी गेलेले पीठ यांतला फरक माझ्या आठ वर्षांच्या मुलीला आज चिमटीत घेऊन कळतो, आणि तो तिला या खेळाने शिकवला.

आता कृती. दोन वाट्या पीठ, एक वाटी बारीक मीठ, मोठा चमचाभर तेल, एका लिंबाचा रस आणि सव्वा ते दीड वाटी उकळते पाणी, एवढेच साहित्य. पीठ आणि मीठ कोरडेच नीट एकत्र करायचे, तेल आणि लिंबू पाण्यात घालायचे, आणि ते पाणी थोडे थोडे ओतत डावाने किंवा उलथन्याच्या दांड्याने ढवळायचे. हा भाग मोठ्या माणसाचाच आहे. वाफ गेली आणि हाताला सोसेल एवढी ऊब उरली की परात मुलांच्या पुढ्यात सरकवायची. तिथून पुढे मळणे त्यांचे.

यातल्या प्रत्येक जिनसेला काही काम आहे आणि ते समजून घेतले की प्रमाण पाठ करण्याची गरज राहत नाही. गव्हात ग्लुटेन तयार करणारी प्रथिने असतात. पाणी आणि मळणे मिळाले की त्यांचे चिवट जाळे विणले जाते, म्हणून पोळी लाटता येते आणि ताणली तरी तुटत नाही. पण हाच चिवटपणा मूर्ती करताना आडवा येतो, कारण थंड पाण्यात मळलेल्या कणकेचे नाक ओढून काढले की ते हळूहळू परत आत जाते. उकळते पाणी घातल्यावर ही प्रथिने ढिली पडतात आणि पिठातला स्टार्च शिजून फुगतो. कणीक मऊ होते, पण आकार सोडत नाही. ज्वारीत हे जाळे विणणारी प्रथिनेच नसतात, म्हणून भाकरीच्या पिठाला आधणाचे पाणी लागते. शिजलेला स्टार्चच तिथे सगळा भार उचलतो. हे विज्ञान आमच्याकडच्या प्रत्येक बाईच्या तळहाताला ठाऊक आहे, ती त्याचे नाव घेत नाही एवढेच. नुसत्या ज्वारीची खेळायची कणीक होते, पण बारीक आकार धरत नाही, वाकवले की मोडते. निम्मी ज्वारी आणि निम्मा मैदा घेतला तर काम भागते, आणि त्या कणकेला जी किंचित खरखर येते ती मला नुसत्या मैद्याच्या गुळगुळीतपणापेक्षा अधिक आवडते.

मीठ पिठातले पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशी आणि जंतू यांना ते वापरता येत नाही आणि गोळा लवकर नासत नाही. तेल त्या गोळ्याला हातापासून आणि परातीपासून सोडवते. लिंबाच्या आंबटपणाने कणीक जास्त काळ मऊ आणि टिकाऊ राहते. परदेशी कृतींत या जागी क्रीम ऑफ टार्टार लिहिलेले असते; द्राक्षाच्या दारूच्या पिंपात साचणाऱ्या क्षारापासून ते करतात. लहान गावच्या किराणा दुकानात ते मिळत नाही, म्हणून कित्येकजणी ती कृती तिथेच सोडून देतात. सोडू नये. लिंबू ते काम करते.

रंगांसाठी बाहेर जाण्याची गरज मला वाटत नाही. वसमतची हळद शेजारच्या जिल्ह्यात पिकते आणि तिच्या चिमटीभर पुडीने अख्खा गोळा पिवळा होतो. लिंबू असलेल्या कणकेत तो पिवळाच राहतो. पण त्यातला लहान तुकडा बाजूला घेऊन त्यात खायचा सोडा मळला की आंबटपणा मरतो आणि पिवळ्याचा विटकरी लाल होऊ लागतो. हळद आणि चुना यांपासून कुंकू करायची जुनी पद्धत याच गुणावर उभी आहे. मुलांसमोर चुना मात्र काढू नये, तो डोळ्यांत गेला तर इजा करतो. सोडा पुरेसा आहे. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याने लाल झालेल्या तुकड्यावर पुन्हा लिंबू पिळायला लावले, तो पुन्हा पिवळा झाला, आणि त्या दुपारी मूर्ती वगैरे काही झाली नाही. लिंबू आणि सोडा संपेपर्यंत तेच चालले. बीटाचा रस उकळत्या पाण्यात घातला तर त्याचा रंग उष्णतेने मळकट पडतो, म्हणून तो कणीक निवल्यावर घालावा. पालकाचा हिरवा लिंबाच्या संगतीने शेवाळी होतो. करडईच्या वाळलेल्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवल्या तर सुरेख पिवळा उतरतो, आणि करडई म्हणजे तर आमच्या रब्बीच्या रानातले पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले आहेत. तिच्या पाकळ्या गोळा करायला काटे सोसावे लागतात, एवढे सांगून ठेवते.

बाजारात मिळणाऱ्या डब्यांतल्या रंगीत मऊ मातीबद्दल माझा आक्षेप किमतीचा नाही, जरी किमतही थोडी नसते. गंमत अशी की तिचा उगमही असाच घरगुती जिनसांतून झालेला आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एक कंपनी भिंतींवरच्या कागदावर बसणारी कोळशाची काजळी पुसण्यासाठी पीठ, मीठ आणि पाणी यांचा एक लगदा विकत असे. घरे तापवण्यासाठी कोळसा जळेनासा झाला, धुता येणारे भिंतीचे कागद आले, आणि त्या लगद्याला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा के झुफॉल नावाच्या बालवाडी शिक्षिकेने तो मुलांना खेळायला देऊन पाहिला आणि 1950 च्या दशकाच्या मध्यात त्याचे 'प्ले-डो' झाले. त्याच्याही आधी, 1897 मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ गावच्या विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने न वाळणारी 'प्लॅस्टिसिन' माती तयार केली होती, कारण त्याच्या विद्यार्थ्यांची नेहमीची माती काम पुरे होण्याआधीच कडक होत असे. दोन्ही गोष्टी शिक्षकांच्या नजरेतून आल्या आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. माझे म्हणणे इतकेच की डबा उघडून तयार गोळा हातात आला की खेळाचा पूर्वार्ध कोणीतरी दुसऱ्याने खेळून टाकलेला असतो.

हा पूर्वार्ध म्हणजे मळणे. कोरडे मीठ आणि पीठ बोटांना वेगवेगळे लागतात. पाणी पडले की आधी सगळे दगाफटका झाल्यासारखे चिकटते, बोटांच्या बेचक्यांत भरते, आणि मूल हात वर करून मोठ्यांकडे पाहू लागते. इथे मदतीला धावू नये. चिकटलेले तसेच मळत राहिले तर काही वेळाने कणीकच हाताची कणीक सोडवून घेते, परात स्वच्छ होते, आणि जे चूर्ण होते त्याचा एक सलग गोळा झालेला असतो. पाणी जास्त झाले तर पीठ, पीठ जास्त झाले तर पाणी, हा हिशेब मूल स्वतः करते. भाच्याने एकदा पाणी ओतताना स्वतःशीच म्हटले, "आता ही रडायली, हिला पीठ द्या." पातळ झालेल्या कणकेसाठी याहून चांगले निदान मला सुचले नसते.

गोळा तयार झाला की प्रत्येक मूल आधी नागोबा करते. वळी वळणे हा तळहाताचा सर्वांत सोपा व्यवहार आहे. त्यानंतर गोळी येते, कारण तिला तळहात गोल फिरवावा लागतो. मग गोळी दाबून भाकरी. आणि पुष्कळ पुढे, अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी बसली की कान, शिंगे, चोच. पेन्सिल धरायला लागते ती हीच चिमटी. पाटीवर अक्षरे गिरवण्याची घाई करणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगते, की मनगट आणि बोटे तयार नसताना रेघ थरथरते आणि मुलाला वाटते की आपल्याला येत नाही. त्याला येत असते, हात अजून तयार व्हायचा असतो.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मातीचे दोन सारखे गोळे घेऊन मुलांना एक प्रश्न विचारला होता. दोन्हींत माती सारखी आहे हे मुलाने मान्य केल्यावर तो त्याच्यासमोरच एक गोळा लांब वळत असे आणि विचारत असे, आता जास्त माती कशात आहे? साधारण सात वर्षांच्या आतली मुले बहुधा लांब वळीकडे बोट दाखवतात. आमच्या ओट्यावर हा प्रयोग न ठरवता झाला. दोघांना सारखे गोळे दिले, मुलीने स्वतःच्या गोळ्याचा नागोबा केला, आणि भाचा रडवेला होऊन म्हणाला, "तिला जास्त दिलंय." मुलीने नागोबा गोळा करून दाखवला, तो शांत झाला. तिने पुन्हा नागोबा केला, तो पुन्हा म्हणाला, "आता जास्त झालं." तिने त्याला समजावले, "अरे, कोणी वरून टाकलं का? मग वाढंल कसं?" त्याने ते ऐकले, आपल्या गोळ्याकडे पाहिले, आणि न बोलता त्याचाही नागोबा करायला घेतला. मी मध्ये बोलले नाही. पुढे कधीतरी त्याचे उत्तर आपोआप बदलेल, आणि त्यात माझ्या सांगण्यापेक्षा त्याच्या वळण्याचा वाटा मोठा असेल.

मोठ्यांचा खरा अडथळा इथेच असतो. आपल्याला वस्तू दिसायला हवी असते. बैल बैलासारखा झाला नाही की आपण नकळत त्याच्या हातातून तो घेतो, पाय सरळ करतो, वशिंड नीट बसवतो, आणि मग मूल "तूच कर" म्हणून उठून जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिशुशिक्षणाचे काम केले तेव्हा माँटेसरी पद्धतीतली महाग साधने बाजूला ठेवून आसपास मिळणारी पाने, बिया, शंख-शिंपले, माती यांतून मुलांसाठी साधने उभी केली. स्वस्ताई हे त्याचे एक कारण होते, पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. जे साधन मुलाच्या ओळखीचे आहे, ते मोडायला ते भीत नाही. मिठाच्या कणकेचा मोठा गुण हाच आहे, की बैलाचा गोळा करता येतो आणि त्या गोळ्याचा पुन्हा बैल.

सासूबाई या खेळात बसू लागल्या तेव्हा ओट्यावरच्या वस्तू बदलल्या. त्यांनी जाते केले, खुंट्यासकट. उखळ, मुसळ, रांजण, चुलीचा वैल. जात्याच्या वरच्या तळीला भोक पाडून त्यांनी त्यात मीठ सोडले आणि बोटाने फिरवून दाखवले. मुलीने रांजण ओळखला, उखळाला ती फुलदाणी म्हणाली, वैल कशासाठी असतो हे दोघांनाही सांगता येईना. मग चुलीवरची भाजी उतरून वैलावर कशी ठेवायची, तिथे ती कशी मंद शिजत राहते, हे सगळे त्यांनी हाताने दाखवत सांगितले. शब्दकोशात हे सापडते, पण त्यात वैलाची ऊब किती हे सापडत नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे गोरोबाकाकांचे गाव, हे सातवाहनांच्या काळात तगर नावाचे व्यापारी नगर होते, आणि तिथल्या संग्रहालयात त्या काळच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. दोन भागांच्या साच्यांतून काढलेल्या त्या मूर्तींच्या केसांची ठेवण आणि अंगावरचे दागिने अजून स्पष्ट दिसतात. मुलांना तिथे नेले तेव्हा भाच्याने काचेपलीकडच्या मूर्तीकडे बराच वेळ पाहून विचारले की ही वाळताना तडकली कशी नाही. ज्याने स्वतःचा बैल तडकलेला पाहिला आहे, त्यालाच हा प्रश्न पडतो.

तडकण्याचे कारण पोळ्याच्या बैलांनी आम्हाला आधीच शिकवलेले आहे. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच लहान प्रमाणात मातीच्या बैलाच्या पोटाला होते. म्हणून कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतो. मिठाच्या कणकेत वेगळे काही घडत नाही. जाड वस्तूचे अंग बाहेरून आधी वाळते, आत ओल राहते, आणि ओढाताणीत चीर जाते. ठेवायच्या वस्तू पातळ कराव्यात, आधी सावलीत वाळवून मग उन्हात ठेवाव्यात, दर काही तासांनी उलटाव्यात. बैलाचे पाय ज्वारीच्या ताटाच्या सोललेल्या काडीवर कणीक चढवून केले तर ते भार घेतात. मात्र कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती मोडायची हे खेळ सुरू होण्याआधी मुलांनीच ठरवावे. नंतर ठरवायला गेले की भांडण होते.

एप्रिल-मेच्या उन्हात परातीतली कणीक बघता बघता वरून पापुद्रा धरते, तेव्हा ओले फडके झाकून एकेक तुकडा काढावा. भाद्रपदात नेमके उलट होते; मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि गोळा हाताला चिकटतो, तेव्हा कोरडे पीठ लावून पुन्हा मळावे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर ती काही आठवडे सहज चालते. वास बदलला किंवा ठिपके दिसले की टाकून द्यावी. बोटाला चीर किंवा नखाजवळ सोललेले असेल तर मीठ झोंबते. थंडीत हात फुटलेल्या मुलाला आधी तेल लावावे. चव घेणारे मूल खारटपणानेच थुंकते, पण अगदी तान्ह्यांच्या हाती ती देऊ नये, आणि घरात कुत्रे असेल तर उरलेले गोळे उघडे ठेवू नयेत, इतके मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते.

शेवटी ती टाकायची कुठे, हाही प्रश्न आहे, आणि तो शेतकऱ्याच्या घरात लगेच विचारला जातो. विरी गेलेले पीठ गुरांना चालते, ही कणीक चालत नाही. कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यातही ती जाऊ नये. खाऱ्या पाण्याने चोपण झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कारण सांगावे लागत नाही. तेव्हा उपाय एकच, मुळात थोडी करावी. आमच्याकडे एका वेळी दोन वाट्यांपेक्षा जास्त पीठ घेतले जात नाही. मुले डबा आणतात, झाकण उघडून सासूबाईंपुढे धरतात, आणि त्यातले किती घ्यायचे हे त्या ठरवतात.